रिकव्हरीतल्या हिरव्या काचा

१

"आधी पेशंटला विचार. मग माणसांना. कागद सगळ्यात शेवटी वाच, नाहीतर तो डोळ्यांवर बसतो आणि मग दुसरं काही दिसत नाही."

भूलशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या सरांचा हा आवाज. सर जाऊन बरीच वर्षं झाली, पण प्रतिभाताईंनी फाईल पुढे सरकवली आणि तो अगदी शेजारून आल्यासारखा ऐकू आला. चौकशीसाठी मला बाहेरून भूलतज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं; मी फाईल तशीच बंद ठेवली.

"मॅडम, वाचा तरी," प्रतिभाताई म्हणाल्या. पंचवटीच्या अंगाला असलेल्या या ट्रस्टच्या हॉस्पिटलचा सगळा कारभार त्या बघतात. "संध्याकाळी विश्वस्तांची मीटिंग आहे. तुमची एक सही झाली की विषय संपला. चहा घेणार? अरे हो, आज गुरुवार. तुमचा कडक उपास असेल."

"पाणी चालेल. काय झालं ते तुम्हीच सांगा ना."

त्यांनी सांगितलं ते असं. मखमलाबादकडच्या नवसाबाई, झेंडू आणि शेवंतीची शेती. आदल्या दिवशी दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम. भूल दिली होती डॉ. योगेशनं. बाई शुद्धीवर आल्या, घशातली नळी काढली, त्यांना रिकव्हरीत, म्हणजे ऑपरेशननंतरच्या देखरेखीच्या खोलीत, आणलं. तिथं सिस्टर मोहिनीनं दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि बाईंचा श्वास बंद पडला. ओठ निळे झाले. योगेश धावत आला, पिशवीनं श्वास दिला, कपाटातलं सुगमाडेक्स काढून टोचलं आणि बाई वाचल्या.

"आणि मोहिनीच्या ट्रेमध्ये काय सापडलं माहितीये? स्नायू सैल करायच्या औषधाची रिकामी बाटली. दुखण्याचं म्हणून हे टोचलं तिनं. पोरगी हुशार आहे हो, पण चुकली. राजीनामा घेऊ. विश्वस्त म्हणतात, पोलिसांतही द्यायचं."

इथं थोडक्यात सांगायला हवं. ऑपरेशनच्या वेळी पोट सैल पडावं म्हणून जे औषध देतात ते झोपेचं नसतं. ते फक्त स्नायू थांबवतं, हाताचे, मानेचे आणि श्वासाचेही. ऑपरेशन संपलं की त्यावर उतारा देतात. उतारा अर्धवट पडला तर माणूस आतून पूर्ण जागा असतो आणि बाहेरून त्याला बोटही हलवता येत नाही. सुगमाडेक्स हा त्यावरचा सगळ्यात जोरकस उतारा. त्यानं बाई उठल्या, म्हणजे त्यांना पाडणारं औषध स्नायू थांबवणारंच होतं, एवढं नक्की. ते मोहिनीच्या सुईतून आलं, की ऑपरेशनमधलंच अंगात उरलं होतं, हा प्रश्न.

"मोहिनी काय म्हणते?"

"म्हणते, मी बरोबरच औषध दिलं. म्हणते, मी बाईंजवळून क्षणभरही हलले नाही, लक्ष दुसरीकडे गेलं नाही." प्रतिभाताईंनी आवाज खाली आणला. "पण मॅडम, ती खोटं बोलतेय. मी बावीस माणसं कामावर ठेवते. मला कळतं."

त्यांचं बरोबर निघालं. मोहिनी खोटं बोलत होती.

२

नवसाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. रंग चांगला होता. मी आत गेले तशी त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"कसं वाटतंय?"

"बरं हाय. पण घरी कवा सोडत्या? तोडणी आलीय. झेंडू तोडायला माणूस नाय मिळत, अन् इथं बघावं तर माणसं नुसती उभी."

मी हसले. "कालचं काही आठवतं?"

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "इचारलं कुणी नाय. आठवतं की. समदं आठवतं."

भुलीत होत्या म्हणून त्यांना विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"गाडीवरनं आनलं तवाच जीव जड झाल्ता. वाफ्यात पानी सोडल्यावर पाय रुततो ना बाई, तसं समदं अंग रुतलेलं. दिवा एकच, पन दोन दिसायचे. थुका गिळता येईना. वरडावं म्हनलं तर जीभ उचलंना."

"दुखत होतं?"

"न्हाय ओ! दुखाय कुठं? श्वास पुरंना. हात झटकायला गेले तर हात नुसता फडफडला. अन् ती नर्स फोनवर."

"फोनवर?"

"पोरीशी बोलत व्हती. डब्यातला भात का खाल्ला नाय, इचारत व्हती. भेंडी आवडत नाय म्हनून डबा मैत्रिणीला दिलास व्हय, म्हनून वरडली. मला हसू यायला पायजे व्हतं, पन तोंड हलंना. मग फोन ठेवला अन् आली. म्हनली, काकू, फार दुखतंय का, थांबा, सुई देते. मी मनात म्हनलं, अगं बाई, सुई नको, मला उचल. पन सांगनार कशी?"

मी त्यांचा चेहरा जवळून पाहिला. भुवईच्या बाहेरच्या कडेला दोन गोल, चिकट डाग होते, त्यांना कापसाचे तंतू लागलेले. ऑपरेशनच्या वेळी डोळे मिटून वर पट्टी लावतात, त्याचा गोंद असेल असं मी धरलं आणि तिथंच मी चुकले.

"हात दाखवा बघू."

त्यांनी नाखुशीनं हात बाहेर काढले. दोन्ही मनगटं मोकळी होती. उजव्या मनगटावर बारीक ओरखडे, त्यांवर लाल औषध.

"बांगड्या?"

"गेल्या," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा त्यांचे डोळे भरले. "मालकांना सांगितलं नाय अजून. जीव गेला असता तरी चाललं असतं म्हनते मी, पन मोकळ्या हातानं त्यांच्या म्होरं कशी जाऊ?"

ऑपरेशनआधी बांगड्या काढायचा नियम सगळीकडे असतो. मी तेवढंच समजले आणि मोहिनीकडे गेले.

३

मोहिनी नर्सेसच्या खोलीत बाकावर बसली होती. चांदवडची मुलगी. नवरा अंबडला कारखान्यात रात्रपाळी करतो आणि लेकीचं सगळं हिच्याकडे. गणवेश इस्त्रीचा होता. काढून टाकणार आहेत हे माहीत असूनही ती इस्त्री करून आली होती.

"मॅडम, मी बरोबर इंजेक्शन दिलं. बाटली कुठून आली मला माहीत नाही. मी त्यांच्याजवळून हलले नाही."

"भेंडी केली होतीस ना काल डब्याला?"

तिचा चेहरा एकदम उतरला.

"कुणी सांगितलं?"

"नवसाबाईंनी."

ती रडायला लागली. "मॅडम, दोनच मिनिटं. शाळेतून आल्याबरोबर तिनं फोन केला. रिकव्हरीत फोन घ्यायचा नाही हे माहीत आहे मला. म्हणून सांगितलं नाही. म्हटलं, आधीच बाटली सापडली, त्यात हे कळलं तर संपलंच सगळं."

"फोन आधी घेतलास की इंजेक्शन आधी दिलंस?"

"फोन आधी. बोलता बोलता बघितलं, काकू तडफडत होत्या. मासा पाण्याबाहेर काढल्यावर उडतो ना, तशा. मला वाटलं, टाके दुखतायत. फोन ठेवला आणि सुई भरली."

"मोहिनी, हा फोन लपवलास म्हणून तू अडकलीस. आणि या फोनमुळेच सुटणार आहेस."

तिनं डोळे पुसले.

"नवसाबाईंनी भेंडीचं ऐकलं ते सुई टोचण्याच्या आधी. आणि तेव्हाच त्यांची जीभ उचलत नव्हती, एका दिव्याचे दोन दिसत होते. तुझ्या सुईनं हे झालं असतं तर ते सुईनंतर व्हायला हवं होतं. भेंडीची गोष्ट त्यांना दुसरं कुणी सांगणं शक्य नाही, कारण तू ती कुणालाच सांगितली नव्हतीस."

"मग मी..."

"तू तडफड ओळखायला चुकलीस. ती दुखण्याची नव्हती, अर्धवट सुटलेल्या स्नायूंची होती. ते तुला शिकवायला हवं होतं, कुणी शिकवलं नाही. आणि रिकव्हरीत फोन पुन्हा घेऊ नकोस. पण औषध तू चुकीचं दिलं नाहीस."

तिनं पदर नसलेल्या खांद्यावर उगाच हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "पण मॅडम, मग बाटली?"

४

बाटलीचं कोडं भारतनं उभ्या उभ्या सोडवलं. भारत ऑपरेशन थिएटरचा टेक्निशियन, नामपूरचा, बोलायला मोकळा.

"ट्रे तर थिएटरचाच शे ना मॅडम! पेशंट बाहेर जातो, त्याच्या संगं ट्रे जातो. गाडी ढकलू का ट्रे रिकामा करू? वापरलेल्या बाटल्या तिथंच पडून ऱ्हातात. रोजचंच आहे. आतापर्यंत कुणी बघितलं नाही, काल बघितलं."

"मग काल का नाही सांगितलंस?"

"इचारलं कुणी? मोहिनी सिस्टरचा ट्रे, मोहिनी सिस्टरचा ट्रे, असंच चाललेलं सगळं. मोठ्या माणसांच्या मधे मी कशाला बोलू?"

म्हणजे बाटली ऑपरेशनमधली. औषधही ऑपरेशनमधलंच, अंगात उरलेलं. मग दुसरा प्रश्न. उरलं कसं? उतारा दिला होता. आणि उतारा देण्याआधी स्नायू किती सुटले ते तपासायचं यंत्रही होतं. हातात मावेल एवढी डबी असते. तिच्या दोन तारा कातडीवर चिकटवायच्या, बटण दाबलं की चार बारीक झटके जातात. खाली स्नायू किती वेळा उडतो, म्हणजे किती ठोके येतात, ते मोजायचं. चारही वेळा उडाला तर उतारा नीट लागू पडतो. एकदाच उडाला तर थांबायचं, घाई करायची नाही.

"यंत्र लावलं होतं?"

"लावलं होतं ना. चारी ठोके आले. डॉक्टरसाहेबांनी मोठ्यानं मोजले. एक, दोन, तीन, चार. मी स्वतः ऐकलं." हे सांगताना मात्र भारत गाडीचं चाक तपासायला खाली वाकला.

फाईल मी आता उघडली. तिथंही तेच, चार ठोके. योगेशला मी ओळखत होते, तो खोटं लिहिणारा मुलगा नाही. चार ठोके आले असतील तर बाई रुतल्या कशा? आणि रुतल्या हे तर खरं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि एका माणसाच्या अंगात त्या एकत्र बसत नव्हत्या.

मी रिकव्हरीच्या दारात उभी होते. गोजरामावशी फरशी झाडत होत्या. जुन्या आया, वॉर्डातल्या बायकांना यांचाच आधार.

"पाय जपून ठेवा बाई. काल समदं झाडलंय, तरी एखादी काच ऱ्हाती कोपऱ्यात."

"कसली काच?"

"बांगड्यांची. ढीगभर व्हती. हिरव्यागार." त्यांनी झाडू टेकवला. "पलंगाखाली, चाकात, समदीकडं. डाक्टर तरी काय करत्याल, जीव वाचवायचा व्हता. फोडल्या."

"इथं फोडल्या? रिकव्हरीत?"

"मग काय तर! म्या सोता झाडल्या."

"पण ऑपरेशनला जाताना तर काढतात."

मावशींनी माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. "डाक्टरीणबाई, बोलायला सोपं हाय. घट्ट बांगड्या कुठून निघत्यात? फोडाव्या लागत्यात. अन् बाईचा मालक नुकताच हार्टमधनं उठलाय. अशा बाईच्या बांगड्या मी फोडू? माझा हात नाय उठत. अन् तुमचा उठंल का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग म्या गुंडाळल्या. बँडेज घेतलं, मनगटापासनं वर, दोन्ही हात. गच्च. बांगडी दिसंना का वाजंना. इथं आमी समद्याच बायांचं असंच करतो. बाया दुवा देत्यात."

दोन्ही मनगटं बँडेजमध्ये. मग यंत्राच्या तारा लावल्या कुठे?

आणि मला भुवईच्या कडेचे ते दोन डाग आठवले. डोळ्यांवरच्या पट्टीचा गोंद लांबट उमटतो. ते डाग गोल होते, तारांच्या चिकट चकत्यांसारखे.

५

योगेश डॉक्टरांच्या खोलीत एकटाच होता. पुढ्यातला डबा न उघडता तसाच. माझ्या हाताखाली शिकलेला नाही, पण मला सगळे मॅडमच म्हणतात.

"बसा ना मॅडम."

"योगेश, ठोके चार आले होते?"

"हो. चारच. मी खोटं लिहिलेलं नाही."

"माहीत आहे. किती ते तुला सगळ्यांनी विचारलं. मी वेगळं विचारते. कुठे मोजलेस?"

त्यानं डबा बाजूला सरकवला.

"मीच सांगते," मी म्हटलं. "चुकलं तर थांबव. मनगटाला तारा लावून अंगठा बघायचा असतो. हात बँडेजमध्ये होते. भारतनं विचारलं असेल, साहेब, कुठे लावू? तू म्हणालास, भुवईशी लाव. सुरुवातीला ते चालतं. कुणाचाच आक्षेप नसतो. पण भुवईचा स्नायू औषधातून लवकर सुटतो, अंगठ्याच्या बराच आधी. शिवाय तारा स्नायूवरच असल्या तर तो नुसत्या झटक्यानंही उडतो. भुवईनं चार म्हटलं तेव्हा अंगठ्यानं एक म्हटलं असतं, फार तर दोन. तू चारवर विश्वास ठेवून साधा उतारा दिलास आणि नळी काढलीस. तो उतारा एवढ्या गाढ औषधाला पुरणारा नव्हता. बाई डोळे उघडतील, हुंकार देतील, इतकाच पुरला."

"सर्जन म्हणत होते, पुढची केस घ्या," तो म्हणाला. "मला वाटलं, मनगटाचं बँडेज सोडायचं, बांगड्या वर सरकवायच्या, त्यात वेळ जाईल. चार दिसत होते ना मॅडम. चार म्हणजे चार."

"तुला कळलं कधी?"

त्यानं मान खाली घातली. "रिकव्हरीत. श्वास देत होतो. पुन्हा तपासायचं म्हणून बँडेज फाडलं. बांगड्या आड येत होत्या, फोडल्या. मनगटाला तारा लावल्या. अंगठा एकदा हलला. एकदाच. आणि मला सगळं कळलं."

"म्हणून सरळ सुगमाडेक्सकडे गेलास."

"हो."

"दुखण्याच्या औषधानं श्वास थांबला असता तर तुझा हात दुसऱ्या बाटलीकडे गेला असता. तू क्षणभरही चाचपडला नाहीस. बाई त्यामुळेच वाचल्या, आणि ते मी मीटिंगमध्ये सांगेन." मी थांबले. "पण मोहिनीच्या ट्रेमध्ये बाटली सापडली तेव्हा तू तिथंच होतास."

"होतो."

"गप्प राहिलास."

"प्रतिभाताई बोलत होत्या. एकामागून एक सगळे बोलत होते. मला काही बोलायलाच लागलं नाही, मॅडम." तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता. "रात्री झोप आली नाही. सकाळी ती समोरून आली, गुड मॉर्निंग सर म्हणाली. मी मोबाईलमध्ये बघितलं."

मला त्याचा राग आला होता. राग ओसरावा म्हणून मी फाईल पुन्हा एकदा चाळली. रागावून बोललेलं माझ्याकडून नीट बोललं जात नाही.

"आता दोनच रस्ते आहेत," मी म्हटलं. "मीटिंगमध्ये हे मी सांगू, की तू?"

"तुम्ही सांगितलंत तर?"

"तर चौकशीत सापडलास असं होईल. मोहिनी सुटेलच, त्याला तुझी गरज नाही. नवसाबाईंनी आणि भेंडीनं तिला सोडवलं आहे."

"आणि मी सांगितलं तर काय होईल?"

"ते मला माहीत नाही. कदाचित इथून जावं लागेल. पुढच्या हॉस्पिटलात विचारतील. मी तुला खोटा धीर देणार नाही."

तो खिडकीकडे बघत होता. खाली हॉस्पिटलच्या फाटकाशी फुलांची टोपली घेऊन एक बाई बसली होती, दोन माणसं भाव करत होती. त्याचं त्यांच्याकडे लक्ष नसावं.

"नवसाबाईंना कुणी सांगितलंय का," त्यानं विचारलं, "त्यांना असं का झालं?"

"नाही. त्यांना वाटत असणार, शरीरानंच दगा दिला. घरी गेल्यावर पुन्हा तसं होईल म्हणून रात्री झोपायला घाबरतील त्या."

त्यानं खिडकी लावून घेतली.

"मी सांगतो," तो म्हणाला. "मीटिंगमध्येही आणि त्यांनाही. शब्द देतो, मॅडम."

"मीटिंगला अजून अवकाश आहे."

"आधी त्यांनाच सांगतो."

तो उठला. आरशासमोर थांबला नाही, कोट चढवला नाही. दारातून बाहेर पडून नर्सेसच्या खोलीपाशी गेला, मी त्याच्या मागोमाग. दार अर्धवट उघडं होतं. मोहिनी तशीच बाकावर बसलेली. त्याला पाहून ती सवयीनं उभी राहिली.

"सिस्टर," तो म्हणाला, "नवसाबाईंकडे चाललोय. तुम्हीही या. तुमच्यासमोर बोलायचंय."

"काय झालं सर? परत श्वास...?"

"नाही. त्या बऱ्या आहेत."

तिला काही कळलं नव्हतं, पण ती निघाली. कॉरिडॉरमध्ये लिफ्ट याच मजल्यावर उघडी उभी होती. त्यानं लिफ्टकडे पाहिलंही नाही. वरच्या वॉर्डाकडे हळूहळू जिना चढायला लागला, मोहिनी एक पायरी मागे.